पाणलोट

आमच्या चौकात पूर्वेकडे पाहण्याचा प्रघात नाही. धारावी बेटाच्या उत्तर टोकाशी, वसईची खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे, टेकडीच्या आडोशाने वसलेले हे कोळ्यांचे गाव. त्याच्या होड्या, त्याच्या बोंबील वाळविण्याच्या वलांड्या आणि त्याच्या काळज्या ही सर्व पश्चिमेकडे तोंड करून उभी असतात. पाऊस तिकडून येतो, वारा तिकडून येतो, डोलीच्या जाळ्यात जे काही सापडते ते तिकडूनच येते, आणि एखाद्या वर्षी जे माणूस परत येत नाही तेही तिकडेच गेलेले असते. पूर्वेकडून येते ती भाईंदर स्टेशनाची बस. तिची वाट लोक पाहतात हे खरे. पण त्याला दिशा पाहणे म्हणता येत नाही.

पूर्वेकडे खरोखर पाहतो तो भर समुद्रात गेलेला तांडेल. किनारा दिसेनासा झाला की त्याला डोंगर हवे असतात; अमुक टेकडी तमुक शिखराच्या पोटात आली म्हणजे जाळ्याची जागा आली, हा हिशेब त्याला बापाने शिकविलेला असतो, आणि आता होडीवर यंत्रे आली तरी तो हिशेब त्याच्या मानेच्या वळणातून गेलेला नाही. पश्चिमेस पुष्कळ दूर गेल्याशिवाय पूर्वेचे महत्त्व कळत नाही, असे कोणी म्हटले तर ते सुभाषितासारखे वाटेल. येथे मात्र तो निव्वळ धंद्याचा भाग आहे.

मी समुद्रावर जाणारा नव्हे. माझे पूर्वेकडे पाहणे टेकडीवरच्या किल्ल्यावरून. किल्ला म्हणावयाचा तो सवयीने. तटाचे काही तुकडे, चिमाजी आप्पांचा पुतळा आणि अखंड वारा, एवढीच आता त्या जागेची जमाबंदी. १७३९ साली हा माथा मराठ्यांच्या हाती आला, वसईला समुद्राकडून मदत पोहोचण्याची वाट अडली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात दोनशे वर्षांहून अधिक काळ चाललेला फिरंगी अंमल तहनामा लिहून संपला, हे शाळेत वाचलेले वाक्य येथे उभे राहिले म्हणजे एकाएकी सरळ दिसू लागते, कारण खाडीचे तोंड खरोखरच पायाखाली असते. आश्विनात पाऊस ओसरला आणि हवा धुतली गेली म्हणजे खाडीपलीकडचा वसईचा कोट, त्यामागचे तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचे डोंगर, आणि त्यांच्याही मागे ढग की पर्वत याचा निर्णय न होणारी एक निळी पट्टी दिसते. ती पट्टी मनात घर करून राहिली. तिच्यात काय आहे हे ठाऊक असणे आणि तिच्यात जाऊन उभे राहणे यांत पुष्कळ अंतर असते, आणि ते अंतर एस. टी. ने किंवा खाजगी गाडीने तुटते असा माझा तोपर्यंत समज होता.

ती निळी पट्टी म्हणजे सह्याद्री. त्याच्या माथ्यावर काही ठिकाणी खडक आरपार फुटलेला आहे. दोन्ही अंगांनी झिजत आलेली डोंगराची धार मध्ये इतकी पातळ होते, की कोण्या एका पावसाळ्यात, ज्याची नोंद कोणाच्याही दप्तरात असणे शक्य नाही, अलीकडची पोकळी पलीकडच्या पोकळीला भेटते आणि डोक्यावर दगडाची कमान तेवढी राहते. घाटावरची माणसे याला नेढे म्हणतात. सुईला असते तेच. राजगडाच्या सुवेळा माचीवर ते आहे, नाशिककडच्या कण्हेरगडावर आहे, आणि आमच्या गावाशी नाव जुळणाऱ्या, खालापूर तालुक्यातल्या दुसऱ्या चौकाच्या माथ्यावर जो इरशाळगड आहे त्याच्या सुळक्यातही आहे. नामसाम्याच्या मोहाने मी प्रथम तिकडेच गेलो असतो. परंतु १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या गडाच्या उतारावरची इरशाळवाडी झोपेत असताना डोंगराखाली गेली, आणि त्यानंतर तेथे निसर्गाची शोभा म्हणून काही पाहावयास जाणे मला जमेना. ज्या झिजण्याने वर खिडकी पडते तेच झिजणे खाली घरे गाडते. डोंगराला त्या दोन कामांत फरक करता येत नाही, आपल्याला करावा लागतो.

म्हणून रतनगड. नेढे तेथेही आहे.

या गडाखालच्या रतनवाडीस अमृतेश्वराचे जुने, अंगभर कोरलेले देऊळ आहे, शेजारी पुष्करणी आहे, आणि पलीकडे भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी. धरण १९२६ साली पुरे झाले. तेव्हापासून गडाचे प्रतिबिंब पाण्यात पडण्याची सोय झाली आणि पुष्कळांची शेते त्या सोयीखाली गेली. प्रवरा याच गडाच्या अंगावर उगम पावते. तिच्या काठाकाठाने वाट वर चढते, अनेकदा तीच वाट आणि तीच नदी असा प्रकार असतो, आणि पाय ओले झाले की नदीवर आहोत व कोरडे झाले की वाटेवर आहोत एवढेच ज्ञान चालणाऱ्याला पुरते. आमच्या बरोबर आलेले वाटाडे मामा याच वाडीचे, महादेव कोळी. मी चौकाचा आहे आणि आमच्याकडेही कोळीच राहतात, परंतु ते समुद्रावरचे, असे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. “ऐकलंय,” ते म्हणाले. “पण त्यांचं आमचं पाहुणपण न्हाई.” आणि थोडे चढून गेल्यावर, जणू त्याच संभाषणाचा पुढचा भाग म्हणून, “तुमचा जिल्हा ठाणंच ना? आमच्या राघोजी भांगऱ्याला तुमच्या ठाण्यातच फाशी दिली.” इंग्रजांच्या अंमलाविरुद्ध या डोंगरांतून बंड उभारणाऱ्या राघोजीस २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली हे मला ठाऊक होते, ते मी कोठेतरी इतिहास म्हणून वाचले होते. मामांच्या बोलण्यात मात्र तक्रार नव्हती आणि इतिहासही नव्हता. लग्नसंबंध नसलेल्या दोन गावांत निदान एवढा तरी व्यवहार झालेला आहे, असा काहीसा सूर होता.

जंगल संपते आणि कडा सुरू होतो तेथे लोखंडी शिड्या आहेत. शिडीबद्दल लिहावे असे त्यांत काही नाही. त्या हलतात, आणि हलत असताना त्या हलत नाहीत असे मानावे लागते. पुढे गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, रत्नादेवीची गुहा, पाण्याची टाकी, एक बुरूज, आणि जेथून थेट कोकण खाली दिसते तो कोकण दरवाजा. शेवटचा चढ मात्र लहान असूनही मोठा वाटतो, कारण वाट कड्याच्या अंगाने जाते आणि धरावयास जवळ काय आहे तर कारवीची झुडपे. “दगडाला धरा, साहेब, कारवीला नको,” मामा वरून म्हणाले. “कारवी हातात येती.” सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या आणि फुलली की मरून जाणाऱ्या त्या झाडाविषयी मी जी काव्यमय माहिती मनात साठवून आणली होती ती त्या एका सूचनेने बाजूस ठेवली आणि दगड धरला.

नेढ्यात प्रथम शिरतो तो माणूस नव्हे, त्याचे कपडे. वारा असा येतो की सदऱ्यात कोणीतरी दुसरा उभा आहे असे वाटावे. मी एखाद्या भोकाची कल्पना करून आलो होतो. पाहिले तर ती एक लांबट ओसरीच होती, दहावीस माणसांनी पंगत मांडून बसावे एवढी, जिला दोन बाजूंनी भिंतीच नाहीत. एका अंगास अलंग, मदन आणि कुलंग हे तिघे, आणि ५,४०० फुटांचे कळसूबाईचे शिखर; दुसऱ्या अंगास आजोबाचा डोंगर, कात्राबाई, आणि दूरवर हरिश्चंद्रगडाचा पसारा. ही नावे मामांनी बोट दाखवून म्हटली, पाढे म्हणावे तशी न अडखळता. मी ती ऐकत होतो, पण पाहत होतो ते डोक्यावरचे छत.

ते जवळून पाहण्याजोगे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी या मुलखावर तप्त रसाचे थरांवर थर पसरले आणि निवाले, त्यांतले काही घट्ट, एकजीव, काही बुडबुड्यांनी भरलेले. पुढे त्या बुडबुड्यांच्या रिकाम्या घरांत पाण्याने आणलेले पांढरे स्फटिक बसले. घट्ट थर पावसाला दाद देत नाही, सच्छिद्र थर देतो. म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा झाला, आणि धार जेथे अरुंद होती तेथे मधला मऊ थर दोहोंकडून खाल्ला जाऊन नेढे पडले, असे समजावे. छताच्या खरबरीत पृष्ठावर ते पांढरे दाणे अजून दिसतात, काही बोटाने हलतात, काही जागा नुसत्याच खळगा होऊन राहिल्या आहेत. मी हात फिरविला तेव्हा तळव्याला तांबूस भुकटी लागली. नेढे बनण्याचे काम अद्याप चालू आहे आणि मी त्यातला चिमूटभर माल खिशात, म्हणजे रुमालावर, घेऊन चाललो आहे, हा विचार सुखाचा नव्हता. बाजूच्या दगडावर एका प्रेमिकाने आपले आणि दुसऱ्या कोणाचे नाव ऑइलपेंटने लिहिले होते. एवढ्या उंचीवर रंगाचा डबा घेऊन चढणाऱ्याच्या निष्ठेबद्दल आदर वाटूनही तो डबा शिडीवरून पडला असता तर बरे झाले असते असे मनात आलेच.

वैशेषिकांच्या उत्तरकालीन परंपरेने जगातल्या सात पदार्थांत अभावालाही एक जागा दिली, आणि त्या अभावाचेही प्रकार केले. त्यांतला प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यानंतरचे तिचे नसणे, याला आरंभ असतो पण अंत नसतो, असे ते म्हणतात. घडा एकदा फुटला की तो फुटलेलाच. कॉलेजात हे पाठ करताना घडा फोडण्यापलीकडे त्या मंडळींना दुसरे उदाहरण सुचत नाही याचा मला राग येई. नेढ्यात बसून ते वर्गीकरण एकदम शहाणपणाचे वाटले. येथे खडक होता, तो गेला, आणि त्याचे ते जाणे हीच आता पाहण्याची वस्तू झाली. गड चढून येणारा कोणीही शाबूत कड्यासमोर एवढा वेळ बसत नाही. परंतु मग छत पडल्यावर काय? माल्टाच्या किनाऱ्यावरची ‘निळी खिडकी’ म्हणून प्रसिद्ध असलेली समुद्रकमान मार्च २०१७ मध्ये वादळात कोसळली. तर्काने पाहता तेथला अभाव वाढलाच, पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा झाला. पण तो आता आकाशातच मिसळला, आणि जे लोक पूर्वी त्या पोकळीतून समुद्र पाहावयास येत त्यांना तोच समुद्र आता उघड्यावर दिसतो. अभावाला चौकट लागते हे वैशेषिकांनी कोठे लिहिले आहे काय, हे कॉलेजात आम्हांला शिकविणाऱ्या शास्त्रीबुवांना विचारावयास हवे होते. ते आता नाहीत.

जगातल्या अशा कमानींत सर्वांत उंच म्हणतात ती काशगरच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत आहे, सुमारे १,२०० फूट. एव्हरेस्टच्या वाटा शोधण्यात आयुष्य घालविलेला एरिक शिप्टन हा काशगरच्या ब्रिटिश वकिलातीवर असताना १९४७ साली तिच्यापर्यंत पोहोचला आणि पुढे त्याने आपल्या पुस्तकात तिच्याविषयी लिहिले. त्यानंतर बाहेरच्या जगाला ती पन्नासएक वर्षे सापडेना, आणि २००० साली एका मोहिमेने ती पुन्हा ‘शोधून’ काढली. मधल्या काळात तिच्या पायथ्याशी मेंढ्या चारणाऱ्यांच्या हातून ती कधी हरवल्याचे ऐकिवात नाही. शिप्टनचे कौतुक मला आहे, सरकारी कामातून वेळ काढून डोंगर पाहणारा अंमलदार कोणाला आवडणार नाही. पण शोध या गोष्टीचा दाखला नेहमी पाहुण्याच्याच नावे निघतो, हा शिरस्ता काही चांगला नाही.

छताच्या एका कडेला, पांढऱ्या दाण्यांच्या शेजारी, ओल होती. पाऊस संपून महिना झाला होता, तरी खडकाच्या पोटातून कोठून तरी पाणी झिरपून येत होते आणि कडेच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता, वाढत होता, वाऱ्याने थरथरत होता. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. या गडाच्या माथ्यावरच्या पाण्याचे दोन वाटे होतात. पूर्वेच्या अंगाने जे उतरते ते प्रवरा होते. ते अगस्तींच्या अकोल्यावरून, पुढे ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशावरून जाऊन गोदावरीस मिळते, आणि पैठण, नांदेड करीत तेलुगू मुलूख ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचते. पश्चिमेच्या कड्यावरून जे पडते त्याला इतका प्रवास नाही. ते शहापूर तालुक्याच्या रानांत उतरून ओढ्यांवाटे भातसा-काळूच्या खोऱ्यात जाते, टिटवाळ्याच्या गणपतीला वळसा घालून उल्हास नदीत शिरते, कल्याणचे जुने बंदर मागे टाकते, आणि मग वसईच्या खाडीने, आमच्या किल्ल्याच्या पायाशी, आमच्या कोळ्यांच्या होड्यांच्या बुडाखालून समुद्रात जाते. हे भूगोलात होतेच. नकाशात निळ्या रेघेने काढलेले होते. पण त्या थेंबासमोर बसेपर्यंत माझ्या गावाला उगम आहे असे मला कधी वाटले नव्हते. समुद्रकाठचा माणूस स्वतःला आरंभाशी राहणारा समजतो, आणि येथे तर सगळ्या पाण्याच्या शेवटाशी आमचे घर निघाले. वारा त्या वेळी कोकणातून वर येत होता आणि थेंबाला आत, घाटाकडे, रेटीत होता. तो पडला तेव्हा कोठे पडला हे मला दिसले नाही, कारण मामांनी नेमके तेव्हाच मला चहा विचारला.

चहा त्यांनी बाटलीतून आणला होता. पिता पिता मी त्यांना वसईच्या कमानींविषयी सांगितले. वसईच्या कोटातल्या पोर्तुगीज देवळांची छपरे गेली, भिंती खचल्या, झाडे उगवली, आणि जागोजाग कमानी मात्र उभ्या आहेत. त्या वास्तूंसाठी पुष्कळसा दगड आमच्या धारावी बेटावरून फोडून नेलेला, म्हणजे इकडे खड्डा झाला आणि तिकडे कमान. शिवाय वसईच्या मोहिमेत हाती आलेल्या घंटा मराठ्यांनी घाटावर नेल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळात टांगलेली १७२१ सालची घंटा त्याच सुमारास समुद्राकडून वर आलेली. मामांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “त्या कमानीला मधी दगड घातलेला आसंल, पाचरीसारखा?” मी म्हटले, असतो. “मग ती पडंल एक दिवस. ही कशावर उभी हाय ते कुणालाच म्हाईत न्हाई.” हा युक्तिवाद मला तेव्हा उलटा वाटला. अजूनही वाटतो, पण तो खोडून काढावा असा प्रत्येक प्रयत्न वसईच्या बाजूने नव्हे तर गडाच्या बाजूने जातो.

संध्याकाळी त्यांच्या घरी जेवण झाले. नागलीची भाकरी, वरण, आणि मला पाहून खास केलेले सुकट. ताटातून येणारा तो वास ओळखीचा होता. राजूरच्या बाजारातून आणलेले, घरच्या मावशी म्हणाल्या. पावसाळ्यासाठी बोंबीलही भरून ठेवतात, कोकणातून येतात. पूर्वी लमाणांचे बैल किनाऱ्यावरचे मीठ लादून घाट चढत, आता टेम्पो येतात, एवढाच फरक. भाईंदरची मिठागरे, उत्तनच्या वलांड्या आणि ही चूल यांच्यामध्ये काही व्यवहार शतकानुशतके चालू असावा आणि त्याची वार्ता आमच्याकडे कोणाला नसावी, कारण विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचे गाव ठाऊक असण्याचे कारण नसते. पाणी खाली जाते, मासळी वर येते, मध्ये घाट. “तुमच्याकडं बोंबील काय भाव?” मावशींनी विचारले. मी सांगितला तो भाव ऐकून त्यांनी मामांकडे पाहिले आणि मामांनी भाकरीकडे. राजूरच्या व्यापाऱ्याबद्दल घरात पुढे काय बोलणे झाले असेल ते असो.

जेवण झाल्यावर मी त्यांना माझा बेत सांगितला. पाणी उतरते त्याच अंगाने खाली उतरायचे, पायी, आणि जमेल तितके त्याच्या काठाने खाडीपर्यंत जायचे. मामांना त्यात नवल वाटले नाही. साम्रदहून करोली घाटाची वाट आहे, ते म्हणाले, जुनी आहे, बाजाराला माणसे जात असत. पहाटे निघाले तर दुपारी कोकणात डेहण्याला पोहोचाल, गुडघे तेवढे दुखतील. पुढे शहापूरला जायला काहीतरी मिळेलच. पाण्याच्या काठाने मात्र जाता यायचे नाही, कारण पाणी जाते तिथून माणूस जात नाही. मग जरा विचार करून त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे हात केला आणि विचारले, हिचे काय करायचे. त्यांच्या मुलाला चालविता येते, पण परवान्याची परीक्षा अजून व्हायची आहे.